दाजींना कळविले

संदीपचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात सहावी 'ब'च्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बगलेत धरून उभा होतो. "जयभीम मामा," तो म्हणाला, "आप्पा गेले." या वाक्यावर कुठलाही शहाणा माणूस मटकन खाली बसला असता. मी विचारलं, "कुठं?" पलीकडं शांतता. मला वाटलं रेंज गेली. म्हणून मी आवाज चढवला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "बरं, आले की मला फोन करायला सांग. शनिवारच्या सामन्याचं बोलायचंय." तेव्हा कुठं पुण्याच्या कंपनीत एवढ्या माणसांवर साहेब असलेला तो संदीप लहान मुलासारखा म्हणाला, "मामा... आता न्हाय यायचे."

मी इंदापूरला भूगोल शिकवतो. भूगोलाच्या मास्तराला 'कुठं' हाच प्रश्न आधी सुचणार, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण खरं कारण निराळं होतं. आप्पा न सांगता जाणाऱ्यातले नव्हतेच.

आप्पा म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले भाऊ. संदीप त्यांचा मुलगा. घर बारामतीजवळ कन्हेरीला. उभी हयात वीज खात्यात सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून गेली. तिथला नियम असा, की दर तासाला मीटर वाचायचे, आकडे लॉगबुकात चढवायचे आणि खाली लिहायचं, 'सर्व ठीक'. पुढच्या पाळीचा माणूस आला की त्यानं मागचं वाचायचं, सही करून चार्ज घ्यायचा. मगच आधीच्यानं सायकलवर टांग टाकायची. चार्ज दिल्याशिवाय आप्पा तीस वर्षांत एकदाही जागेवरून हलले नाहीत. घरीही ते वळण सुटलं नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. दुधाच्या कॅलेंडरवर, बियाण्याच्या पिशवीवर, संदीपच्या दहावीच्या वेळापत्रकाखाली, जिथं जागा दिसेल तिथं 'सर्व ठीक'. आमच्या वहिनी सांगायच्या, "ह्या संदीपच्या बाळंतपणात मी आत वरडतीय आन् ह्यांनी भाईर दवाखान्याच्या कागदावर लिवलं, सर्व ठीक. नर्सबाई मला ईऊन इचारती, तुमचं मालक डाक्टर हायत का?"

आमचं लग्न आप्पांनीच लावलं. गावातल्या विहारात वंदना, दोन हार आणि साधं जेवण. जेवणाआधी माझ्या एका चुलत्यानं जरा मोठ्यानंच विचारलं, "नवरदेवाचा मानपान कुठं दिसंना?" आप्पा वाढता वाढता थांबले. हातात वरणाची बादली तशीच. म्हणाले, "आमच्यात जावयाला मान नसतोय, आबा. काम असतंय. काम सांगू. केलं तर आमचा." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चुलते रुसले, पण जेवले दोनदा. मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढं वर्षानुवर्षं मी ते स्टाफरूममध्ये ऐकवत आलो. कन्हेरीत शिरलं की पारावरची माणसं हटकून म्हणायची, "पाव्हणं, कवा आलात?" मी मनात म्हणायचो, तुमच्यासाठी असेन पाव्हणा. आप्पांच्या घरी मी कामावर आहे.

ते काम मिळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. आप्पांना बुद्धिबळाचा नाद होता. सबस्टेशनवर दोन मीटर-वाचनांच्या मधे ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे. निवृत्त झाल्यावर संदीपनं त्यांना एक दणकट कॉम्प्युटर आणून दिला, त्यात बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम होता. या प्रोग्रॅमला सगळ्या जगात 'इंजिन' म्हणतात. कन्हेरीत इंजिन म्हणजे विहिरीवरचं. आप्पांनी इंजिन आणलंय ही बातमी फुटली आणि शेजारचे तात्या एका उन्हाळ्यात दारात. "आप्पा, दोन दीस इंजिन द्या की. कांदा वाळाय लागलाय." आप्पांनी त्यांना माडीवर नेऊन दाखवलं. पडद्यावर आकडे पळत होते, खोक्यातला पंखा घुमत होता. तात्या बराच वेळ बघत राहिले. "पाणी किती फेकतंय?" "पाणी न्हाय फेकत तात्या. इचार करतंय." "आरं मंग लाईट कशाला जाळतोस," असं म्हणून तात्या जिना उतरले.

आता हा सगळा प्रकार नेमका काय, ते सांगतो. मला समजायला वर्ष लागलं, तुम्हाला दोन मिनिटं लागतील. जगभरची अशी वेडी माणसं आपापली इंजिनं इंटरनेटवर एकमेकांशी लढवतात. डाव सुरू झाला की माणसानं हात लावायचा नाही. इंजिनं सगळी सारखीच हुशार, त्यामुळं डाव बहुतेक बरोबरीत सुटतात. मग जिंकायचं कसं? तर सुरुवातीच्या वीस-पंचवीस खेळ्यांत. या खेळ्या इंजिन स्वतः विचार करून खेळत नाही. त्याच्या मालकानं आधीच लिहून दिलेल्या एका यादीतून उचलतं. कोणत्या खेळीला कोणती उत्तरखेळी, त्यावर पुढं काय, याचं ते भलंमोठं झाड असतं. आप्पा त्याला 'वही' म्हणायचे. समोरच्याच्या वहीत भोक कुठं आहे ते हुडकायचं आणि त्या भोकापर्यंत त्याला गोडीगुलाबीनं घेऊन जायचं. एखादी नवी खेळी सापडायला महिने लागतात, आणि एकदा चालली की दुसऱ्या दिवशी जगाला कळते, शिळी होते. माणसाचं काम तेवढंच... ती एक ताजी खेळी शोधणं. आणि त्या कामावर आप्पांनी मला घेतलं होतं.

दर रविवारी मी मोटारसायकलला किक मारायचो. निमगाव केतकी, लासुर्णे, सणसर करत कन्हेरी. आठवडाभर माझ्या लॅपटॉपनं विचार करून काढलेल्या खेळ्या माझ्या दोनशे पानी वहीत उतरवलेल्या असायच्या. लॅपटॉप शाळेनं मोडीत काढलेला होता. त्याला विचार करायला लावला की तो इतका तापायचा की सुमन त्याच्या शेजारी पापड वाळत घालायची. आप्पांच्या माडीवर खिडकीजवळ गादीची खुर्ची होती, पंख्याखाली. ती माझी. आप्पा कॉम्प्युटरपुढं लाकडी स्टुलावर. मी वाचून दाखवायचो, ते एका बोटानं टाइप करायचे. मला दिसायची त्यांची पाठ आणि पडद्याचा एक कोपरा. वहिनी चहा आणायच्या. आप्पांना स्टीलच्या पेल्यात, मला निळ्या फुलांच्या कपबशीत. बारा वर्षं तोच कप. मला वाटायचं, सेटमधला एवढाच शिल्लक राहिला असेल. आंतरराष्ट्रीय सामन्यांची तयारी करणारा माणूस मी, पण कपबशीचा अर्थ मला लागला नाही.

आमच्या संघाचं नाव 'कऱ्हा-नीरा'. कऱ्हा नदी त्यांची, नीरा माझी. हे नाव माझं. ते मात्र खरोखर वापरात होतं, एवढं आता खात्रीनं सांगू शकतो.

आणि मग ती एकोणिसावी खेळी. पोलंडमध्ये एक निवृत्त गृहस्थ आहेत, आमचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांची वही अभेद्य. त्यांच्याविरुद्ध सिसिलियन बचावात एकोणिसाव्या खेळीला पांढऱ्यानं घोडा पटाच्या पार कडेला, एच-चारवर न्यायचा, असं मी चार महिने खपून काढलं होतं. घोडा कडेला नेऊ नये, हे बुद्धिबळातलं पहिलीच्या पुस्तकातलं शहाणपण. म्हणूनच कुणी तिथं पाहिलं नसेल, हा माझा तर्क. आप्पांनी ती खेळी दोनदा विचारून घेतली. "घोडाच ना दाजी? उंट न्हाय?" "घोडाच." टक, टक, टक. उतरवली.

सामना कामाच्या दिवशी दुपारी होता, मी शाळेत. मधल्या सुट्टीत फोन वाजला. "दाजी! पोलंड गार!" "काय सांगता!" "तुमचीच खेळी. एकोणिसावी." मी आयुष्यात वर्गात मॉनिटरसुद्धा झालो नव्हतो. तसाच उठलो, नाक्यावर गेलो आणि पेढे घेऊन आलो. सगळ्या स्टाफला वाटले. हेडमास्तरांनी विचारलं, "काय, मुलीचं जमलं वाटतं?" म्हटलं, "नाही सर, घोडा चालला." "कुणाचा?" "माझा." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि पुढं काही विचारलं नाही. शिपायाला दोन दिले. संध्याकाळी घरी एक पुडा नेला, सुमनच्या हातावर पेढा ठेवताना सांगितलं, "तुझ्या भावाच्या वहीत माझं नाव लागलं." त्यानंतर कितीतरी दिवस फळ्यावर नकाशा काढताना मला मधूनच तो घोडा आठवायचा आणि हात जरा जास्तच ऐटीत फिरायचा. खानदेश थोडा मोठा निघायचा.

शेवटची भेट जायच्या आधीच्या रविवारची. काही वेगळं घडलं असतं तर इथं लिहायला बरं झालं असतं, पण काहीच घडलं नाही. मी तीन खेळ्या नेल्या होत्या. त्यांनी तिन्ही उतरवून घेतल्या, एक दोनदा विचारली. निघताना फाटकापर्यंत आले. "दाजी, हळू जावा. सणसरच्या पुढं खडी टाकलीय." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी मोठं काहीतरी आणतो." ते म्हणाले, "आणा की..." एवढंच. मंगळवारी सकाळी चहाचा पेला खाली ठेवताना गेले. हृदय. वहिनी सांगतात, पेला सांडलासुद्धा नाही.

शनिवारचा सामना पोलंडवाल्या गृहस्थांशीच होता. त्यांना कळवलं तर त्यांनी आपणहून महिनाभर पुढं ढकलला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे पांगले, आणि संदीप माझ्या हातात पासवर्डाची चिठ्ठी देत म्हणाला, "मामा, हा सामना तुमीच खेळा. न्हाय खेळलं तर संघाचं नाव कटंल. आन् तसंही निम्मी वही तुमचीच हाय." कार्यक्रमातल्या सगळ्या भाषणांत मला तेवढं एकच वाक्य लागलं. निम्मी वही. माणूस गेला, पण माझ्या आणि त्याच्या मधलं काहीतरी त्या खोक्यात अजून घुमतंय. मी ठरवलं, आप्पांना निरोप द्यायचा तो आमच्या वहीनंच द्यायचा.

सामन्याच्या शनिवारी सकाळीच कन्हेरी गाठली. माडीवर गेलो. गादीची खुर्ची खिडकीजवळ तशीच. मी तिच्यात बसायला निघालो, मग लक्षात आलं की आता स्टुलावर बसायचंय. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या स्टुलावर बसलो. वही उघडली. ही वही कशी असते, तर प्रत्येक खेळीला रंग देता येतो. हिरवा म्हणजे खेळायची. बिनरंगी म्हणजे इंजिनानं बघून घ्यावं. लाल म्हणजे काही झालं तरी खेळायची नाही. मी थेट सिसिलियनमध्ये घुसलो, एकोणिसाव्या खेळीशी आलो. घोडा एच-चार. लाल.

मी म्हटलं, हाताची चूक झाली असेल. मागच्या महिन्यात दिलेली खेळी काढली. लाल. गेल्या दिवाळीतली. लाल. शेवटच्या रविवारच्या तिन्ही... लाल, लाल, लाल. मी झाडाच्या फांदी-फांदीवर हिंडलो. माझी म्हणून ओळखू येईल अशी एक खेळी हिरवी सापडेना. मग मी एक युक्ती काढली. मास्तर माणूस, खिशात कायम लाल पेन. माझ्या दोनशे पानी वहीत चांगल्या खेळ्यांखाली मी लाल रेघ मारायचो. आप्पांनी ती वही मागून घेतली असेल आणि रंग तसाच उतरवला असेल! झालं. किती साधी गोष्ट. पाच मिनिटं मी त्या स्टुलावर इतका सुखी होतो, की खाली जाऊन वहिनींना हसत सांगणार होतो.

तेवढ्यात टेबलाच्या खणात लॉगबुक दिसलं. सबस्टेशनवरच्यासारखंच लांबडं, पुठ्ठ्याचं. आप्पा प्रत्येक डाव त्यात नोंदवतात हे मला ठाऊक होतं, पण मी कधी उघडलं नव्हतं. कारण नियम. लॉगबुक वाचायचं ते चार्ज घेणाऱ्यानं. आता चार्ज माझ्याकडं होता. म्हणून मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पहिल्याच वर्षातली एक नोंद, आप्पांच्या त्या टपोऱ्या, सरकारी अक्षरात: 'दाजींच्या खेळ्या वहीत ठेवणे. खेळू नये.' खाली, 'सर्व ठीक'.

मी पेढ्यांचा दिवस शोधला. सापडायला वेळ लागला नाही. 'पोलंडविरुद्ध विजय. खेळी १९, हत्ती ई१ (स्वतः). दाजींना त्यांची म्हणून कळविले. सर्व ठीक.'

हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, रोज चाळीस-पन्नास पाहतो, गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणणारी. पण आपण खोटं बोललो याची तारीख घालून, नीट, शाईत नोंद ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. आप्पांना लॉगबुकात खोटं लिहिता येत नव्हतं. माझ्या तोंडावर येत होतं. 'त्यांची म्हणून'... मी हळूहळू मागच्या-पुढच्या नोंदी चाळल्या. 'दाजी आले. ४ खेळ्या. उतरवल्या.' 'दाजी आले. खेळी चांगली म्हणून सांगितले.' 'दाजी नाराज दिसले. मागील डाव त्यांच्या खेळीने बरोबरीत सुटला असे सांगितले. बरे वाटले.' पानंच्या पानं. ते सबस्टेशनवर ट्रान्सफॉर्मरचं तापमान लिहीत, तसं माझं लिहीत होते. चढलं की उतरवायचं.

माझ्या खेळ्या वाईट होत्या, याचं मला एवढं वाटलं नाही. माझा वकूब मला ठाऊक आहे. पापड वाळवणाऱ्या लॅपटॉपकडून आणखी काय निघणार. आप्पा एकदा जरी म्हणाले असते, 'दाजी, ह्या घोड्यात काय दम न्हाय,' तर मी चार दिवस तोंड पाडलं असतं आणि पाचव्या दिवशी दुसरा घोडा आणला असता. नाहीतर नुसताच बसायला गेलो असतो. पण कुणाला वाईट म्हणायचं असतं? जो आपल्याबरोबर कामावर आहे त्याला. पाव्हण्याला नाही म्हणत. पाव्हण्याला खुर्ची देतात, कप देतात, त्यानं आणलेलं दोन्ही हातांनी घेतात आणि आत नेऊन ठेवून देतात. ज्यानं भर मांडवात मला मान नाकारला म्हणून मी त्याला आपला मानला, त्यानं बारा वर्षं मला फक्त मानच दिला. त्या खोलीत मी भागीदार होतो की पाव्हणा, या एका गोष्टीबद्दल मला कधी शंका आली नव्हती, आणि तेवढीच एक चुकीची निघाली. आणि भांडायला जावं तर समोर माणूस नाही. भिंतीवर फोटो आहे, त्याला हार आहे.

मग मी जे केलं ते या वयाला शोभणारं नव्हतं. मी घोडा एच-चारवर क्लिक केलं आणि त्याला हिरवा केला. आप्पांचा हत्ती ई-एक लाल केला. फोटोकडं बघून म्हणालो, "आता बघा."

तीनला सामना सुरू झाला. अठरा खेळ्या दोन्हीकडून भराभर पडल्या, वहीतल्याच. एकोणिसावीला माझा घोडा उठला आणि पटाच्या कडेला जाऊन उभा राहिला. मला भरून आलं. पोलंडच्या गृहस्थांनी गप्पांच्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह टाकलं. नुसतं प्रश्नचिन्ह. मग त्यांच्या इंजिनानं एक साधं प्यादं घोड्याच्या पुढ्यात एक घर ढकललं. घोड्याला पुढं जायला जागा उरली नाही. तो आला त्याच वाटेनं मुकाट परत गेला. दोन खेळ्या फुकट गेल्या, आणि त्या तोलाच्या इंजिनांत दोन खेळ्या म्हणजे सगळंच. पुढचे दोन तास मी हात बांधून बघत होतो. हात लावायचा नाही हा नियम. आमचं इंजिन बिचारं शेवटपर्यंत झुंजलं. त्याला काय ठाऊक, कुणाच्या रागापायी त्याला कुठं आणून सोडलंय. हरलो. शेवटी त्या गृहस्थांनी लिहिलं, की तुमचे मित्र फार काळजीनं खेळायचे. मी 'हो' लिहिलं. दुसरं काय लिहिणार.

लॉगबुक पुढं ओढलं. नोंद तर करायला हवी. लिहिलं, 'पोलंडविरुद्ध पराभव. खेळी १९, घोडा एच४ (स्वतः).' पुढं लिहायचं होतं कुणाला कळविले ते. पेन उचललं, परत टेकवलं. 'सर्व ठीक' लिहायला हात धजावला नाही. खाली फक्त सही केली. चार्ज घेतला, एवढंच.

जिना उतरलो तर वहिनी चहा घेऊन उभ्या. निळ्या फुलांची कपबशी. मी म्हटलं, "वहिनी, मला पेल्यात द्या. आप्पांच्या." त्यांना ते आठवणीपोटी मागतोय असं वाटलं असेल, डोळ्यांना पदर लावला. पण कप काही मागं घेतला नाही. म्हणाल्या, "आसं कसं दाजी? तुमाला पेल्यात कसा दिऊ? हे काय म्हणतील?" मी फोटोकडं न बघता चहा प्यालो. बशीत ओतून प्यालो, तेवढाच निषेध.

घरी आलो तेव्हा सुमन मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. रंग, लॉगबुक, पेढ्यांची नोंद, घोडा, पराभव. सांगता सांगता आवाज चढला. तिचा भाऊ जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि मी त्याच्यावर ओरडत होतो, हे मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. "तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला कोण सांगतंय. म्या बी पेढा खाल्लाच की." मग बराच वेळ काड्या वेगळ्या, पानं वेगळी, असं चाललं. मला वाटलं आता रडेल. मी मऊ आवाजात म्हटलं, "एवढ्या लोकांत उभा राहून म्हणाला होता, आमच्यात जावयाला मान नसतो."

सुमननं मेथीची जुडी खाली ठेवली.

"तवाच मी वळखलं व्हतं," ती म्हणाली, "ह्यो कुठंतरी चोरून देणार."